टोपी 'डॉन' करायची की घालायची?

दसरा तोंडावर आला की कोल्हापुरात कपड्यांपलीकडे विषय जात नाही. गांधीनगरच्या कापडबाजारात जाऊन आलेली मंडळी पिशव्या उघडून दाखवतात आणि महाद्वार रोडवर पाय ठेवायला जागा उरत नाही. या वेळच्या पत्रांचंही तेच झालंय. इंग्रजीतल्या घालण्या-काढण्यावरच इतके प्रश्न आलेत की 'शॅल' आणि 'विल'वाल्या मंडळींना पुढच्या अंकापर्यंत थांबावं लागेल. रागावू नका.

प्रश्न: बाई, मी एका रुग्णालयात परिचारिका आहे. कोविडच्या वेळी आमच्या वॉर्डाबाहेर दोन खोल्या होत्या. एकीवर 'डॉनिंग' आणि दुसरीवर 'डॉफिंग' अशी पाटी. पहिलीत किट घालायचं, दुसरीत काढायचं, एवढं आम्ही पाठ करून टाकलं. आता नव्या मुलींना शिकवताना त्या विचारतात, 'सिस्टर, हा डॉन सिनेमातला का?' शिवाय मी तेव्हा रिपोर्टमध्ये 'आय वॉज डॉनिंग द किट फॉर सिक्स अवर्स' असं लिहिलं होतं. डॉक्टर हसले, पण का ते बोलले नाहीत. साधं 'वेअर' सोडून हा शब्द का वापरतात? (परिचारिका, कसबा बावडा)

उत्तर: सिस्टर, हसले ते हसले, कारण सांगायला काय पैसे पडत होते? तुमच्या वाक्याचा अर्थ असा होतो की सहा तास तुम्ही किट चढवतच होता. एक पाय घातला, झिप अडकली, परत काढला, परत घातला, असे सहा तास! 'डॉन' ही अंगावर चढवण्याची क्रिया. झिप गळ्यापर्यंत गेली, हूड बसला, की डॉनिंग संपलं. पुढचे सहा तास तुम्ही आत घामानं भिजत काढलेत ते 'वेअरिंग'चे. म्हणून 'आय डॉन्ड द किट ॲट एट अँड वोअर इट टिल टू' असं लिहा. भूतकाळाच्या स्पेलिंगमध्ये 'एन' दोनदा येतो, नाहीतर वाचणारा त्याला 'डन' समजेल आणि तो 'डू'चा आहे.

तसा हाही 'डू'चाच आहे म्हणा. सिनेमातला डॉन आणि ऑक्सफर्डच्या प्राध्यापकांना म्हणतात तो डॉन, हे दोन्ही लॅटिन 'डॉमिनुस' म्हणजे धनी या शब्दावरून स्पॅनिश आणि इटालियनमधून आले. कपड्याच्या 'डॉन'चा त्यांच्याशी काही संबंध नाही. हा अस्सल इंग्रजी जोडशब्द, 'डू' अधिक 'ऑन'. चारदा भराभर म्हणा, डू-ऑन, डू-ऑन, आपोआप 'डॉन' होईल. 'डू ऑफ'चं तसंच 'डॉफ' झालं. जुन्या इंग्रजीत 'डू'चा अर्थ नुसता करणे असा नव्हता, ठेवणे असाही होता. अंगावर ठेवलं ते 'डू ऑन', अंगावरून बाजूला ठेवलं ते 'डू ऑफ'. याच घडणीचे आणखी दोन शब्द इंग्रजीत होते. 'डू आउट'चा 'डाउट', म्हणजे दिवा मालवणे (शंकेचा डाउट निराळा), आणि 'डू अप'चा 'डप', म्हणजे दार उघडणे. त्यांचे दिवस कधीच भरले.

आता या ठेवण्याच्या 'डू'चं एक सांगते. वर्गात हे मी फळ्यावर लिहून द्यायची आणि मागच्या बाकावरची मुलंसुद्धा मान वर करायची. संस्कृतमध्ये जिथे 'ध' येतो तिथे इंग्रजीच्या जुन्या शब्दांत बहुतेक वेळा 'ड' येतो. विधवा आणि 'विडो'. मध्य आणि 'मिड'. रुधिर आणि 'रेड'. बंध आणि 'बाइंड'. मग 'डू'च्या समोर काय येईल? 'धा' धातू. अर्थही तोच, ठेवणे. निधान, विधान, समाधान हे सगळे त्याचेच. आणि त्याच्यामागे 'परि' म्हणजे भोवती असं लावलं की होतं परिधान.

म्हणजे 'डॉन'चं मराठी भाषांतर 'परिधान करणे' असं जे कोशात दिलेलं असतं, ते नुसतं अर्थानं जुळत नाही, मुळानंही जुळतं. आणि वापरानंही. घरात आपण कुणाला 'बाळ, स्वेटर परिधान कर, पन्हाळ्याला गारठा असेल' असं म्हणतो का? तिकडची आईही पोराला 'डॉन युवर स्वेटर' म्हणत नाही, 'पुट ऑन युवर स्वेटर' म्हणते. परिधान करायला पैठणी लागते, शेरवानी लागते, निदान गणवेश तरी. 'डॉन'चं तसंच. सतराव्या शतकानंतर हा शब्द सर्वसाधारण बोलण्यातून उठला आणि इंग्लंडच्या उत्तरेकडच्या बोलीत तेवढा शिल्लक राहिला. एकोणिसाव्या शतकात वॉल्टर स्कॉटसारख्या लेखकांनी त्याला परत लिखाणात आणलं. त्यामुळे त्याला थोडा जुन्या पेटीतल्या कपड्यांचा वास आहे. लिहिताना ही एक गोष्ट सांभाळली तरी 'डॉन' सहसा चुकणार नाही: मनातल्या मनात 'परिधान केले' म्हणून बघा. मराठीत अवघडल्यासारखं वाटलं तर इंग्रजीतही अवघडलेलंच असतं.

मग रुग्णालयात कसा काय चालतो? कारण तिथे घालणं-काढणं ही स्वतंत्र, क्रमवार शिकवायची कामं आहेत. पाटीवर 'पुटिंग ऑन' आणि 'टेकिंग ऑफ' लिहिण्यापेक्षा 'डॉनिंग' आणि 'डॉफिंग' आटोपशीर. 'वेअरिंग' तर चालणारच नाही, कारण ती अवस्था झाली, काम नव्हे. आणि तुम्ही हे माझ्यापेक्षा जास्त जाणता की दोन्ही खोल्यांतली धोक्याची दुसरी. घालताना किट स्वच्छ असतं. काढताना त्याची बाहेरची बाजू हाताला, मानेला, चेहऱ्याला लागायची भीती, म्हणूनच हात पुन्हा पुन्हा निर्जंतुक करायचे आणि मास्क सगळ्यांच्या शेवटी काढायचा. मुलींना शब्द शिकवाल तेव्हा डॉफिंगला दुप्पट वेळ द्या.

जाता जाता, 'डॉफ' कोविडनं आणलेला नाही. शाहू महाराजांनी 1906 मध्ये सुरू केलेली शाहू मिल, किंवा इचलकरंजीकडच्या सूतगिरण्या, यांत ज्यांच्या घरातल्या कुणी पाळ्या केल्या असतील त्यांना विचारा. रिंग फ्रेमवरच्या, म्हणजे सूत कातायच्या यंत्रावरच्या, भरलेल्या बॉबिन काढून रिकाम्या लावायच्या, ते 'डॉफिंग', आणि ते करणारा तो 'डॉफर'. तोच 'डू ऑफ'. पुस्तकातल्या इंग्रजीत मात्र हा शब्द बहुतेक टोपीपुरता उरलाय. हॅट किंचित उचलून मान द्यायचा ते 'डॉफिंग द हॅट'. आपल्याकडे मान द्यायला डोक्यावर काहीतरी चढवतात, त्यांच्याकडे उतरवतात.

प्रश्न: मी एका इंग्रजी दैनिकाला जिल्ह्यातल्या बातम्या पाठवतो. 'मिनिस्टर डॉन्स कोल्हापुरी फेटा' हा माझा मथळा तसाच छापला गेला. मजकुरात 'ही वॉज डॉनिंग अ सॅफ्रन फेटा थ्रूआउट द फंक्शन' असं होतं, ते मात्र उपसंपादकांनी 'वॉज वेअरिंग' केलं. एकच शब्द, मथळ्यात चालतो आणि खाली का नाही? (वार्ताहर, बिंदू चौक)

उत्तर: वरचं उत्तर वाचलंत तर अर्धं काम झालं. 'डॉनिंग' आणि 'थ्रूआउट' एका वाक्यात नांदत नाहीत. मथळ्यातला 'डॉन्स' व्याकरणाला धरून आहे, आणि मथळेवाल्यांना तो आवडतो त्याचं कारण रोमनमध्ये चारच अक्षरं. एका स्तंभात मथळा बसवायचा म्हणजे अक्षरन् अक्षर मोजावं लागतं. म्हणून पकडलं की 'नॅब', विचारपूस केली की 'क्विझ', शपथ घेतली की 'व्हाउ'. ही मथळ्यांची भाषा मथळ्यातच ठेवावी. ती खाली मजकुरात उतरली की बातमी पोलिस पाटलाच्या दाखल्यासारखी वाचायला लागते. शब्दकोड्यात 'पुट ऑन, तीन अक्षरं' असं दिसलं तर मात्र बेधडक 'डॉन' भरा.

पण तुमच्या मथळ्यावर माझा एक वेगळाच आक्षेप आहे, उपसंपादकांच्या तो लक्षात आलेला दिसत नाही. मंत्र्यांनी फेटा बांधून घेतला की स्वतः बांधला? आपल्याकडच्या सत्कारात पाहुणा खुर्चीत ताठ बसलेला असतो. फेट्याचं एक टोक त्याच्या दातात किंवा चिमटीत, बांधणारा मागे उभा, एकेक पेड पिळत डोक्याभोवती फिरवतोय. शेमला पाठीवर सोडतो, तुरा वर काढतो आणि शेवटी पाहुण्याच्या हनुवटीला धरून डोकं सरळ करून बघतो. यात पाहुण्यानं काय केलं? बसून राहिला. 'डॉन'मध्ये करणारा आणि घालणारा एकच लागतो. दुसऱ्याच्या अंगावर कुणी काही 'डॉन' करत नाही. आईनं मुलाला स्वेटर घातला याला 'शी डॉन्ड हिम अ स्वेटर' म्हणता येत नाही. तयार, आयता शिवलेला फेटा उचलून त्यांनी स्वतःच डोक्यावर ठेवला असेल तर तुमचा मथळा निर्दोष. तसं असेल तर बातमी तीच करायला हवी होती.

खेळाच्या बातम्यांतला वापरही लक्षात ठेवा. खेळाडूनं कर्णधाराची पट्टी बांधली, फलंदाजानं पॅड चढवले, तिथे 'डॉन' शोभतो. टोपीच्या बाबतीत भाषांतर करताना मात्र जपा. 'ही डॉन्ड अ न्यू कॅप' याचं मराठी 'त्यांनी नवी टोपी घातली' असं घाईत केलंत आणि 'डोक्यावर' लिहायला विसरलात, तर कुणाला घातली म्हणून दोन फोन येतील.

प्रश्न: आमचं चिकनचं दुकान आहे. पोरगा कॉलेजात जातो, त्यानं नव्या बोर्डावर 'ड्रेस्ड चिकन' लिहायला सांगितलं. पेंटर म्हणाला, साहेब, कोंबडीला ड्रेस कुठला? आपण तर अंगावरचं सगळं काढतो. मला पेंटरचंच पटतंय. कोण बरोबर? (दुकानदार, राजारामपुरी)

उत्तर: पोरगा बरोबर. पण पेंटरलाही चहा पाजा, शंका लाखमोलाची काढलीय त्यानं.

'ड्रेस' म्हणजे कपडे हा अर्थ मागाहून आलेला. मुळात हा शब्द फ्रेंचमधून आला, त्याच्यामागे लॅटिनमधला 'सरळ केलेलं' या अर्थाचा शब्द, ज्याच्यावरून 'डायरेक्ट' झाला. सरळ करणे, नीट लावणे, कामाला योग्य करणे, हा 'ड्रेस'चा जुना अर्थ, आणि कपडे ही त्यातली एक शाखा. माणसाला नीट करायचं तर कपडे घालावे लागतात, कोंबडीला नीट करायचं तर पिसं काढून, आतलं काढून साफ करावी लागते. जखम साफ करून पट्टी बांधतात ते ड्रेसिंग. सॅलडवर तेल-व्हिनेगर घालतात ते ड्रेसिंग. पाथरवट छिन्नीनं दगडाच्या कडा सरळ करतो तोही 'ड्रेस' करतो. 1884 मध्ये पूर्ण झालेल्या आपल्या नव्या राजवाड्याच्या भिंती जवळून बघा, तो काळा घडीव दगड म्हणजे इंग्रजीत 'ड्रेस्ड स्टोन'.

आणि तुमचा पोरगा एनसीसीत असेल तर त्याला विचारा, रांग सरळ करायची आज्ञा काय असते? 'दाहिने सज'. इंग्रजीत तीच 'राइट ड्रेस'. उजवीकडे मान वळवायची, पुढे-मागे सरकायचं, रांग सुतात आणायची. ज्यांनी ही आज्ञा हिंदीत आणली त्यांनी सजणे हा शब्द फार नेमका धरला, कारण आपल्याकडेही फौज सजते आणि नवरीही सजते.

बोर्डावर 'ड्रेस्ड चिकन' लिहा. फक्त त्या खाली कोंबडीला टाय-कोट घातलेलं चित्र नको. एका ठिकाणी मी ते बघितलंय.

प्रश्न: मॅडम, मी बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. स्पोकन इंग्लिशच्या क्लासमध्ये मी म्हणालो, 'आय वॉज वेअरिंग माय शूज व्हेन द बस केम.' सर म्हणाले, वाक्य बरोबर आहे पण तुला जे म्हणायचंय ते नाही. म्हणजे काय? आणि 'वेअर', 'पुट ऑन', 'ड्रेस' हे तिन्ही मी मिसळून टाकतो. (विद्यार्थी, शिरोली)

उत्तर: तुझे सर चांगले आहेत, क्लास सोडू नकोस.

तुला म्हणायचं होतं, मी बूट घालत होतो, इतक्यात बस आली. म्हणजे एक बूट पायात, एक हातात. तू जे म्हणालास त्याचा अर्थ, बस आली तेव्हा माझ्या पायात बूट होते. ते तर कुणाच्याही असतात. गोची कुठे होते बघ. आपण दोन्हीकडे 'घालणे'च वापरतो आणि फरक क्रियापदाच्या रूपात दाखवतो. 'घालत होतो' म्हटलं की क्रिया चालू आहे, 'घातले होते' म्हटलं की घालून झालंय. इंग्रजीनं या दोन कामांना दोन क्रियापदं नेमली. चढवण्याला 'पुट ऑन', अंगावर असण्याला 'वेअर'. मराठीतलं 'घालत होतो' बघून तू 'वेअर'ला 'इंग' लावलंस आणि तो भलत्याच ठिकाणी पोचला. म्हणून 'आय वॉज पुटिंग ऑन माय शूज व्हेन द बस केम.' बस मिळाली की नाही ते कळवलं नाहीस.

'वेअर' फक्त कपड्यांचा नाही. चष्मा, अंगठी, अत्तर, दाढी, लांब केस, चेहऱ्यावरचं हसू, सगळं इंग्रज माणूस 'वेअर' करतो. जे अंगावर राहतं ते 'वेअर'. आणि रोज अंगावर राहिलेलं झिजतं, म्हणून त्याच शब्दाला झिजण्याचाही अर्थ आला. 'वोर्न आउट' म्हणजे घालून घालून विटलेलं.

'पुट ऑन'मध्ये सर्वनाम आलं की ते मधे बसवायचं. 'पुट इट ऑन'. 'पुट ऑन इट' म्हणालास तर त्याच्यावर काहीतरी ठेव असा अर्थ होईल. 'ट्राय ऑन'लाही हाच नियम, आणि 'ट्राय ऑन' म्हटलं की मला माझे वडील दिसतात. शिंपी होते, एका बोळात मशीन. कोटाची ट्रायल द्यायला गिऱ्हाईक आलं की कच्च्या टाक्यांवर जोडलेला कोट त्याच्या अंगावर चढवायचे. पांढरे दोरे बाहेर लोंबतायत, डावी बाही अजून लावलेलीच नाही, आणि तो माणूस दोन्ही हात फाकून उभा. वडील तोंडात टाचण्या धरून खांद्यावर खडूची रेघ ओढत नुसते 'हं, हं' करायचे, म्हणजे हलू नका. गिऱ्हाईक आरशात बघायला वळलं की टाचणी टोचायची, दर वेळी. ही खरी ट्रायल. आता दुकानात ज्या खोलीला आपण 'ट्रायल रूम' म्हणतो ती आपल्या देशातली इंग्रजी. तिकडे जाऊन विचारायची वेळ आली तर 'फिटिंग रूम' विचार. इथे खुशाल 'ट्रायल रूम' म्हण, सगळ्यांना कळतं.

राहिला 'ड्रेस'. त्याच्यापुढे कपड्याचं नाव येत नाही. 'आय ड्रेस्ड माय शर्ट' असं कधीही म्हणू नकोस, त्याचा अर्थ शर्टाला कपडे घातले असा होतो. 'आय गॉट ड्रेस्ड', कपडे करून तयार झालो. 'शी वॉज ड्रेस्ड इन व्हाइट', 'इन' लागतो, 'विथ' नाही. आणि रोज कॉलेजला जाताना तू 'ड्रेस अप' होत नाहीस, निदान होऊ नये. ते लग्नाला, नाहीतर गॅदरिंगला मावळा व्हायचं असेल तेव्हा. 'ड्रेसिंग-डाउन' मिळालं तर समज की कुणीतरी झाप झाप झापलं.

आणखी एक घोळ आपल्याकडे चालतो. कोल्हापुरात 'ती ड्रेस घालून आली' म्हणजे सलवार-कमीज घालून आली. इंग्रजाला तेच सांगितलंस तर त्याच्या डोळ्यापुढे फ्रॉक येईल.

प्रश्न: मी नऊवारी नेसवायचे व्हिडिओ करते. इंग्रजी शीर्षकात 'हाउ टू वेअर' लिहू की 'हाउ टू ड्रेप'? सासूबाई म्हणतात आपल्यात 'साडी घातली' म्हटलेलं चालत नाही, मग इंग्रजीत तरी 'वेअर' का चालवायचं? (मंगळवार पेठ)

उत्तर: सासूबाईंना माझा नमस्कार सांगा. साडी नेसायची, फेटा बांधायचा, गजरा माळायचा, शाल पांघरायची, बांगड्या भरायच्या. 'साडी घातली' ऐकलं की मलाही दाताखाली खडा आल्यासारखं होतं आणि हल्ली तो वरचेवर येतो. पण गंमत ऐका. 'नेसणे' हा 'नि' अधिक 'वस्' यातून आलेला, ज्या 'वस्'वरून वस्त्र आणि वसन झालं. आणि इंग्रजी 'वेअर'ही त्याच 'वस्'च्या कुळातला. मधल्या काळात त्यांच्या 'स'चा 'र' झाला, जसा आजही त्यांच्या 'वॉज'चा अनेकवचनात 'वर' होतो. तेव्हा इंग्रजीत 'वेअर अ सारी' म्हणणं सासूबाई समजतात तितकं परकं नाही.

शीर्षकात तरीही 'ड्रेप' बरं. तुम्ही कृती दाखवताय, अंगावरची साडी नाही. नुसत्या काष्ट्याचा व्हिडिओ असेल तर तिथे 'टक' हा खोचण्याला आहेच. शिवून तयार मिळते ती नऊवारी मात्र 'पुट ऑन' करण्यातलीच, तिला 'ड्रेप' म्हणू नका. तिला मी मराठीतही 'नेसली' म्हणत नाही.

प्रश्न: नवरात्रात अंबाबाईची रोज वेगळ्या रूपात पूजा बांधतात. बाहेरच्या भाविकांसाठी रोजच्या फोटोखाली मी इंग्रजीत दोन ओळी लिहितो. काल 'द गॉडेस डॉन्ड द फॉर्म ऑफ' असं लिहिलं. मित्र म्हणतो 'वोअर' हवं. 'पूजा बांधणे' इंग्रजीत कसं न्यायचं? (भवानी मंडप)

उत्तर: दोन्ही नको. रूप 'वेअर' करता येत नाही, आणि देवी स्वतः काही चढवत नाही, श्रीपूजक तिला सजवतात. फेट्याच्या बाबतीत वार्ताहरांना जे सांगितलं तेच इथे. तुम्हाला 'ड्रेस' हवाय, कारण दुसऱ्याला सजवण्याचं क्रियापद तेच. 'द गॉडेस इज ड्रेस्ड टुडे ॲज' आणि पुढे रूपाचं नाव. दागिन्यांवर भर असेल तर 'अडॉर्न्ड विथ'. इथे 'विथ' चालतो, 'ड्रेस्ड'ला चालत नाही.

'पूजा बांधणे'तला बांधणे हा मात्र सोडून देऊ नका. पहिल्या दिवशी एकदा 'पूजा बांधणे' हे शब्द आहेत तसेच रोमनमध्ये लिहा आणि पुढे एका वाक्यात सांगा की साडी, अलंकार, आयुधं आणि फुलं मांडून मूर्तीला एक विशिष्ट रूप देतात, त्याला इथे असं म्हणतात. पुढच्या दिवसांत मग नुसतं 'टुडेज पूजा' पुरेल. लोक शिकतात. जोतिबाच्या फोटोखालीही हेच चालेल.

प्रश्न: कोल्हापुरी चपलांबद्दलच्या इंग्रजी बातम्यांत 'स्पोर्टिंग कोल्हापुरीज' असं वाचलं. खेळाचा इथे काय संबंध? (सुभाषनगर)

उत्तर: खेळाचा नाही, मिरवण्याचा. 'स्पोर्ट' क्रियापद म्हणून आलं की दिमाखात अंगावर वागवणे. मिशा, नवं घड्याळ, गॉगल. यात 'लोकांनी बघावं' हे आलंच. 2025 च्या जूनमध्ये मिलानच्या फॅशन शोमध्ये प्राडाच्या मॉडेल्सच्या पायांत हुबेहूब आपल्या चपलांसारख्या चपला दिसल्या, त्याच्या बातम्या तुम्ही वाचल्या असणार. तिथे 'स्पोर्टिंग' अगदी चपखल, कारण ते मिरवायलाच आले होते. कोल्हापुरी हे नाव तिथे नव्हतं, ओरड झाल्यावर कंपनीनं प्रेरणा कुठली ते मान्य केलं. आपल्या चपलेला 2019 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालंय, महाराष्ट्रातल्या चार आणि कर्नाटकातल्या चार जिल्ह्यांना मिळून. शेतातून आलेला माणूस करकर वाजवत जी पायात घालतो ती तो नुसती 'वेअर' करतो. लग्नात नवरदेवाचे मित्र नवीकोरी घालून येतात ते 'स्पोर्ट' करतात आणि दुपारपर्यंत अंगठा सोलून बसतात.

प्रश्न: आमच्या गल्लीतल्या मंदिराबाहेर 'प्लीज टेक आउट युवर फुटवेअर्स' अशी पाटी आहे. पर्यटक फोटो काढतात. दुरुस्त मजकूर द्याल का? (शिवाजी पेठ)

उत्तर: देते. 'काढा' म्हटलं की आपल्याला 'टेक आउट' सुचतो, पण तो पिशवीतून काढण्याचा. अंगातून, पायातून काढायचं ते 'टेक ऑफ'. पाटीवर 'रिमूव्ह' जास्त बरं दिसतं. 'डॉफ' लिहायचा मोह झाला असेल तर आवरा. आणि 'फुटवेअर'चं अनेकवचन होत नाही, शेवटचा 'एस' पुसून टाका. 'प्लीज रिमूव्ह युवर फुटवेअर हिअर.' त्यातला 'हिअर' विसरू नका, नाहीतर लोक चपला थेट उंबऱ्यापर्यंत आणतात. आणि वर मोठ्या अक्षरात मराठी असू द्या: 'चपला येथे काढाव्यात.'